‘केसरी’चे मथळे : गाजलेले आणि खटल्यात सापडलेले

‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा मथळा माहीत नसलेला मराठी माणूस विरळाच. शाळेच्या भाषणांत, वर्तमानपत्रांत, निवडणुकीच्या सभांत तो आजही वापरला जातो. मात्र त्याखालचा अग्रलेख वाचलेली माणसे मला फार थोडी भेटली. मी काही विद्यापीठातला अभ्यासक नव्हे. जुन्या नियतकालिकांच्या वाचनातून जे हाती लागले, त्यावरून मराठी लेखांच्या शीर्षकांविषयी काही निरीक्षणे येथे मांडतो.

प्रथम एक समजूत तपासू. याच अग्रलेखामुळे टिळकांना तुरुंगात जावे लागले, असे सर्रास सांगितले जाते. घटनाक्रम वेगळा आहे. २२ जून १८९७ रोजी पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर सरकारने पुणेकरांवर जी कडक नजर धरली, तिचा समाचार घेणारा हा अग्रलेख मंगळवार, ६ जुलैच्या अंकात आला. पुढच्याच मंगळवारी, १३ जुलैला, ‘राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे’ हा दुसरा अग्रलेख आला. महिनाअखेर टिळकांना अटक झाली. पण राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला तो १५ जूनच्या, म्हणजे हल्ल्याच्या आधीच्या अंकातील मजकुरावर : ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता आणि शिवाजी उत्सवाचा वृत्तांत. १४ सप्टेंबरला दीड वर्षाची शिक्षा झाली ती त्यावरून. गाजलेला मथळा एक, आणि शिक्षेला कारण झालेला मजकूर दुसराच!

मग हा मथळा एवढा का टिकला? माझ्या मते त्याचे पहिले कारण भाषा. ‘डोके ठिकाणावर आहे का?’ हा घराघरांतला प्रश्न. आई मुलाला विचारते, शेजारी शेजाऱ्याला विचारतो. तो प्रश्न टिळकांनी थेट साम्राज्याच्या सरकारला विचारला. त्यामुळे कलकत्ता-सिमल्याहून हुकूम सोडणारे सरकार क्षणात अंगणात येऊन उभे राहिले. दुसरे कारण व्याकरणाचे. येथे विधान नाही, प्रश्न आहे. सरकारचे डोके फिरले आहे, असे लेखक म्हणत नाही. ते वाचक मनात म्हणतो. पुढच्या आठवड्याचा मथळा मात्र प्रश्न नव्हे, व्याख्या आहे : राज्य करणे म्हणजे काय नव्हे, याची. दोन्ही अंक शेजारी ठेवले की पहिल्या मंगळवारच्या प्रश्नाला दुसऱ्या मंगळवारी पुढची पायरी मिळालेली दिसते.

१९०८ चे मथळे याच्या अगदी उलट आहेत. ३० एप्रिलला मुझफ्फरपूरला बाँबचा स्फोट झाला. १२ मेच्या ‘केसरी’त ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनच्या अंकात ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे लेख आले. पहिल्या मथळ्यात कोणावर बोट नाही, केवळ खेद आहे. दुसरा तर एखाद्या वैद्याच्या शेऱ्यासारखा थंड. त्यातला ‘हे’ शब्द पाहण्यासारखा आहे. कोणते उपाय, ते मथळा सांगत नाही. वाचकाला ते ठाऊक आहे, हे गृहीत धरले आहे. आठवड्याला एकदा येणाऱ्या पत्राला नेमाने वाचणारा वाचक असल्याशिवाय असा मथळा देता येत नाही. आज तो एकटाच वाचला तर अर्थबोध होणार नाही.

आणि या दोन सौम्य मथळ्यांखालच्या लेखांवरच मोठा खटला उभा राहिला. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला. मराठी शब्दांची न्यायालयापुढील इंग्रजी भाषांतरे चुकीची आहेत, हा त्यांच्या युक्तिवादाचा एक महत्त्वाचा भाग होता. ज्यूरीचा कौल सात विरुद्ध दोन असा पडला आणि २२ जुलै १९०८ रोजी न्या. दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. ती मंडालेत भोगावी लागली. सरकारने मथळा नव्हे, मजकूर वाचला होता. तोही ओळ न् ओळ.

आगरकरांची रीत आणखी निराळी. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली त्यांना व टिळकांना तुरुंगवास झाला. त्यावरील पुस्तकाचे नाव त्यांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ असे ठेवले. कोठे, कोणाचे, किती, सगळे एका ओळीत. १७ जुलै ते २६ ऑक्टोबर असे दिवस मोजले तर हिशेबही बरोबर येतो. या नावाने जे कबूल केले, तेच आत आहे. पुढे त्यांनी ‘गुलामांचे राष्ट्र’ असे शीर्षक दिले, तेव्हा रोख सरकारपेक्षा स्वकीयांवर होता. टिळकांचा गाजलेला मथळा वाचताना वाचक लेखकाच्या बाजूला उभा असतो. आगरकरांचा हा मथळा वाचताना तो आरोपीच्या पिंजऱ्यात असतो. पहिला भाषणांत राहिला आणि दुसरा अभ्यासकांपुरता उरला, याचे एक कारण हे असावे.

‘मथळा’ या शब्दात ‘माथा’ आहे. माथ्यावरून माणूस ओळखता येतो, पण त्याचे म्हणणे कळायला तोंड उघडावे लागते. चांगल्या शीर्षकाची माझी कसोटी त्यामुळे दुहेरी आहे : ते वाचकाच्या रोजच्या बोलीतले असावे आणि खालच्या मजकुराने ते फेडलेले असावे. वाचकाचीही एक जबाबदारी आहेच. सव्वाशे वर्षे आपण एक मथळा मिरवत आलो, आणि शिक्षा कशासाठी झाली हे चुकीचे सांगत आलो. या दिवाळीत ६ जुलै १८९७ चा तो अग्रलेख एकदा शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. टिळकांच्या लेखसंग्रहांत तो सहज मिळतो.