उपवास, ख्रिस्ती (अमेरिका)

पापांची कबुली देऊन देवाकडे नव्याने वळावे म्हणून अन्न वर्ज्य करण्याचा वा कमी करण्याचा ख्रिस्ती आचार. उपास लोकांना दिसू देऊ नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, असे येशूने डोंगरावरील प्रवचनात (मत्तय, अध्याय ६) बजावले आहे. अमेरिकेत मात्र हा आचार रुजला तो चारचौघांत, तोही सरकारी हुकुमाने.

न्यू इंग्लंडमधील प्युरिटन वसाहती नाताळ किंवा लेंट (ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ) पाळत नसत. अवर्षण, साथ, युद्ध यांपैकी काही आले की देवाचा कोप झाला असे समजून शासन उपवासाचा दिवस मुक्रर करी. त्या दिवशी कामधंदा बंद आणि चर्चमध्ये लांबलचक प्रवचने. पुढे वसंतात उपवासदिन व शरदात आभारदिन असा वार्षिक शिरस्ता पडला.

ब्रिटिशांनी बोस्टन बंदर बंद केले तेव्हा व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने १ जून १७७४ हा उपवासदिन ठरवला. आपण व सहकाऱ्यांनी प्युरिटन काळातले जुने मसुदे धुंडाळून हा ठराव कसा जुळवला, ते टॉमस जेफरसनने आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले आहे; भक्तीपेक्षा लोकजागृतीचाच हेतू अधिक. गव्हर्नर डनमोरने विधिमंडळच बरखास्त केले. तरी त्या दिवशी जॉर्ज वॉशिंग्टन चर्चला गेला आणि दिवसभर उपाशी राहिला, अशी त्याच्या रोजनिशीत नोंद आहे. पुढे अध्यक्ष झाल्यावर याच जेफरसनने असे दिवस जाहीर करायला नकार दिला. संघराज्याच्या सरकारला तो अधिकारच नाही, असे त्याने १८०८ मध्ये एका पत्रात लिहिले.

यादवी युद्धात अब्राहम लिंकनने सिनेटच्या विनंतीवरून ३० एप्रिल १८६३ हा उपवासदिन जाहीर केला. युद्ध ही साऱ्या राष्ट्राच्या पापांची शिक्षा असावी, हा त्या जाहीरनाम्याचा रोख. तिकडे फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिसही उपवासदिन जाहीर करीत होता. एकाच देवापुढे दोन्ही सैन्यांचे उपास चालले होते.

शांततेच्या काळात सरकारी उपासाची केवळ सुटी उरली. मॅसॅच्युसेट्सने १८९४ मध्ये तो दिवस रद्द करून देशभक्तदिन आणला. न्यू हॅम्पशरच्या पंचांगात मात्र तो १९९१ पर्यंत टिकला.

कॅथलिकांचा उपास चर्चच्या नियमाने चालतो. राखेचा बुधवार व गुड फ्रायडे या दिवशी १८ ते ५९ वयाच्या प्रौढांनी एकच पूर्ण जेवण आणि दोन वेळा अल्प खाणे घ्यावे. लेंटमधील शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात. लेंटबाहेरच्या शुक्रवारची सक्ती अमेरिकी बिशपांनी १९६६ मध्ये उठवली. त्याआधी, १९६२ मध्ये, सिनसिनाटीत लू ग्रोएन या मॅकडोनाल्ड्सच्या शाखाचालकाने शुक्रवारी गिऱ्हाईक घटते म्हणून माशाचे सँडविच काढले. आज ते जगभर विकले जाते. चर्चच्या सभागृहांतली तळलेल्या माशांची शुक्रवारची जेवणे पाहिली की ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण तिथेही चालावी.

लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) पंथीय महिन्याच्या पहिल्या रविवारी साधारण दोन जेवणे सोडतात आणि वाचलेला पैसा गरजूंसाठी देतात. इव्हँजेलिकल पंथीयांत उपासाला नवी उभारी आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. रिचर्ड फॉस्टरच्या १९७८ मधील ‘सेलिब्रेशन ऑफ डिसिप्लिन’ने त्याला पुन्हा वैयक्तिक साधनेत जागा दिली. कॅम्पस क्रूसेड या धर्मप्रचारक संस्थेचे संस्थापक बिल ब्राइट यांनी १९९४ मध्ये अमेरिकेच्या आध्यात्मिक जागृतीसाठी पाणी व फळांच्या रसावर ४० दिवस काढले आणि इतरांनाही तसे आवाहन केले. हल्ली अनेक चर्चमधून जानेवारीत बायबलमधील दानिएल संदेष्ट्याच्या नावाने २१ दिवसांचा ‘दानिएल उपास’ धरतात. त्यात मांस, दूध, साखर वर्ज्य. भाज्या, फळे, कडधान्ये चालतात.