मारिओची अख्खी धून एकाच गिटारवर कशी वाजते? आणि शिकताना बोटं कुठे अडतात?

रीलमध्ये एकटा माणूस गिटार घेऊन बसतो आणि 'सुपर मारिओ'ची अख्खी धून वाजवतो. मागे ना ड्रम, ना दुसरा गिटारवाला. भिवंडीच्या निजामपुऱ्यातला एखादा पोरगा ते बघतो, टॅब डाउनलोड करतो आणि चौथ्या दिवशी गिटार कपाटावर जाते. बोटांचा वेग कमी पडला, असं त्याला वाटतं. पण अडचण बहुतेकदा वेगळीच असते.

त्यासाठी १९८५ मध्ये जाऊया. कोजी कोंडो यांनी मारिओचं संगीत निन्टेन्डोच्या ज्या यंत्रासाठी केलं, त्याच्या साउंड चिपमध्ये फक्त पाच चॅनेल होते. दोन मुख्य चाल आणि तिच्या साथीसाठी, एक बेससाठी, एक खरखरीचा, ज्यातून ड्रमचा भास व्हायचा. पाचवा रेकॉर्ड केलेल्या छोट्या आवाजांचा. (नव्वदीत आपल्याकडे टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला गेम मिळायचा ना, तो बहुतेक याच यंत्राची नक्कल.)

फिंगरस्टाइलमध्ये हे सगळं एका उजव्या हाताकडे येतं. अंगठा जाड तारांवर बेस धरतो, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका चाल व साथ वाजवतात, आणि मध्येच तारांवर थाप मारली की ड्रम. भिवंडीकरांच्या भाषेत सांगायचं तर अंगठा ताणा, बोटं बाणा. मारिओत चालीचे सूर बऱ्याचदा ठोक्यावर न पडता दोन ठोक्यांच्या मध्ये पडतात. अंगठा सरळ चालतो आणि बोटांना तिरकं जायचं असतं. गाडी अडते ती इथे.

मग शिकायचं कसं?

आधी नुसता बेस. तो न बघता वाजायला लागला की त्यावर चाल तोंडाने गुणगुणायची. हे जमलं नाही, तर बोटांनाही जमणार नाही. मग दोनच बार घेऊन दोन्ही जोडायचं, तेही मूळ वेगाच्या निम्म्याने. यूट्यूबवर वेग ०.५ केला तरी सूर बदलत नाही, त्यामुळे कोणतं बोट कुठे जातंय ते नीट दिसतं. टॅब तार आणि पट्टी सांगतो, बोट सांगेलच असं नाही.

पहिली धून मारिओची नको, 'टेट्रिस'ची घ्या. मुळात ते 'कोरोबेइनिकी' हे रशियन लोकगीत. १९८९ च्या गेमबॉयमुळे जगभर पोहोचलं. ए मायनरमध्ये वाजवलं तर बेसचे बरेच सूर मोकळ्या तारांवर मिळतात, म्हणजे डावा हात सुटा राहतो.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या 'राजी' (२०२०) सारख्या नव्या गेमचं संगीत वेगळं. लिनोस त्झेलोस यांच्या त्या संगीतात खरी वाद्यं एकमेकांवर चढलेली आहेत. ते सहा तारांवर आणताना काय सोडायचं, हे आधी ठरवावं लागतं. नवशिक्याने ते नंतरसाठी ठेवावं.

बोटांची टोकं सुरुवातीला दुखणारच. मनगट किंवा कोपरापर्यंतचा हात दुखला, तर मात्र त्या दिवशी थांबा. बार कॉर्ड जोर लावून दाबत राहणारे इथेच फसतात आणि काही आठवडे गिटारला हात लावता येत नाही.

रात्री घरचे ओरडत असतील तर ब्रिजजवळ तारांखाली सुती कापडाची घडी सरकवा. आवाज दबतो, सराव चालू राहतो. कापडाची भिवंडीत काय कमी!