क्ष-किरण फिल्मवरील छायादोष

क्ष-किरण फिल्मवरील छायादोष : फिल्मवर उमटलेली, पण रुग्णाच्या शरीरात किंवा तपासायच्या वस्तूत प्रत्यक्षात नसलेली खूण. एक्स-रे विभागात तिला सरसकट ‘आर्टिफॅक्ट’ म्हणतात. अशी खूण खऱ्या विकाराला झाकते किंवा नसलेला विकार दाखवते. दोन्ही वेळी फिल्म पुन्हा काढावी लागते आणि रुग्णाला किरणांची मात्रा विनाकारण दुसऱ्यांदा मिळते. म्हणून हा विषय केवळ फिल्मच्या देखणेपणाचा नाही.

फिल्मच्या पॉलिएस्टर पट्टीवर, बहुधा दोन्ही बाजूंनी, जिलेटिनमध्ये सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म कण बसवलेले असतात. क्ष-किरण, साधा प्रकाश, उष्णता, नखाचा दाब, विजेची ठिणगी यांपैकी कशानेही हे कण चेतवले जातात आणि डेव्हलपरमध्ये काळे पडतात. त्यामुळे दोष शोधताना पहिला प्रश्न रंगाचा असतो. खूण काळी असेल तर कुठून तरी जास्तीची ऊर्जा पोचली किंवा डेव्हलपर आधी लागला. पांढरी असेल तर मध्ये काहीतरी आडवे आले किंवा डेव्हलपर पोचलाच नाही. दुसरा प्रश्न जागेचा. खूण दर फिल्मवर त्याच ठिकाणी येत असेल तर दोष कॅसेटमध्ये असण्याची शक्यता मोठी. रुग्णालयातील फिल्म मुख्यतः कॅसेटमधील, क्ष-किरणांनी चकाकणाऱ्या स्क्रीनच्या प्रकाशाने काळी होते. स्क्रीनवर धुळीचा कण किंवा केस असला की तेवढा प्रकाश अडतो आणि रेखीव पांढरा ठिपका उमटतो. प्रत्येक कॅसेटला क्रमांक देणे आणि स्क्रीन ठरलेल्या दिवशी पुसणे एवढ्याने असे बहुतेक ठिपके टळतात.

हे दोष स्थानिक परिस्थितीनुसार कसे बदलतात हे पाहण्यासाठी छत्रपती संभाजीनगरचे उदाहरण घेऊ. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय १९५६ मध्ये सुरू झाले. शहर त्याला ‘घाटी’ या नावाने ओळखते. मराठवाड्यातील रुग्णांची मोठी भिस्त त्यावर आहे. डिजिटल यंत्रणा येण्यापूर्वी देशभरातील रुग्णालयांप्रमाणे इथल्याही क्ष-किरण चित्रणाचे माध्यम फिल्म हेच होते. ज्या ज्या डार्करूममध्ये हाताने फिल्म धुतली जाते, तिथे या शहराची हवा आणि पाणी ही दोषांची दोन मोठी कारणे ठरतात. दोषांची यादी कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडते. इथे त्यांतले कोणते दोष केव्हा डोके वर काढतात हे पाहणे अधिक उपयोगाचे.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. अशा वेळी डब्यातून फिल्म झटकन ओढली किंवा तिच्यावरचा कागद घाईने सरकवला की स्थिर विजेची ठिणगी पडते. डेव्हलप केल्यावर पर्णहीन झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या रेषा दिसतात. कधी नुसते काळे ठिपके किंवा डाग असतात. डार्करूममधील आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राखणे, टेबलाला अर्थिंग देणे, कृत्रिम धाग्याऐवजी सुती कपडे घालणे आणि फिल्म सावकाश काढणे हे उपाय आहेत. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा उपाय शेवटचा.

उन्हाळ्याचा दुसरा फटका डेव्हलपरला बसतो. हाताने धुताना प्रमाण साधारण २० अंश सेल्सिअसला ५ मिनिटे असे धरतात. गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी याच्या कितीतरी वर जाते. डेव्हलपर तापला की फिल्मवर सर्वत्र करडी झाक येते आणि जिलेटिन मऊ पडून सहज ओरखडते. तिथून फिल्म एकदम वेगळ्या तापमानाच्या द्रावणात गेली तर जिलेटिन आकसून जाळीदार सुरकुत्या पडतात. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नये, द्रावण पातळ होते. तो पॉलिथिनच्या पिशवीत बांधून सोडावा किंवा टाकीभोवती गार पाणी ठेवावे. थर्मामीटर न बघता, सेफलाइटखाली (डार्करूममधील मंद रंगीत दिव्याखाली) फिल्म वर उचलून ‘झाली’ असे नजरेने ठरवण्याची सवय मात्र मोडायलाच हवी. तिच्यामुळे दोन दिवसांच्या दोन फिल्म तुलनेच्या राहत नाहीत.

पाण्याचा प्रश्न त्याहून अवघड आहे. शहराला पाणी पैठणजवळच्या जायकवाडी धरणातून येते आणि नळाला ते काही दिवसांच्या अंतराने मिळते. हायपोतून (फिक्सरमधून) काढलेल्या फिल्मला तर वाहत्या पाण्यात वीस-तीस मिनिटे धुणे हवे असते. ते कमी पडले की फिल्म आज स्वच्छ दिसते, पण जिलेटिनमध्ये उरलेला हायपो पुढे ती पिवळट-तपकिरी करतो. अपघात किंवा मारहाणीच्या प्रकरणातील फिल्म पुरावा म्हणून जपायची असते. तिथे हा दोष फार महागात पडतो. वाहते पाणी नसेल तर एकाच टबात फिल्म तासभर भिजत ठेवण्यापेक्षा थोड्या थोड्या ताज्या पाण्यात अनेकदा बदलून धुणे चांगले. टँकर किंवा बोअरच्या पाण्यातील गाळ ओल्या जिलेटिनला चिकटतो आणि जड पाण्याचे थेंब वाळून कडा उठलेले पांढुरके वळ सोडतात. शेवटचे विसळणे गाळलेल्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात करावे. हँगरच्या क्लिपांत वाळलेला हायपोही पुढच्या फिल्मवर वरून खाली ओघळांचे पट्टे पाडतो. म्हणून फिल्मबरोबर हँगरही धुवावे लागतात.

हाताळणीच्या दोषांत नखाची चंद्रकोर सर्वांना परिचित आहे. मोठी फिल्म एका हाताने कोपऱ्यात धरली की ती वाकते आणि बोटाजवळ कोर उमटते. एक्सपोजरपूर्वी वाकली तर कोर फिकट येते, नंतर वाकली तर काळी. म्हणजे चूक कॅसेट भरताना झाली की उघडताना, हे खूणच सांगते. सेफलाइटची तपासणी नाण्याने होते. आधी हलके एक्सपोजर दिलेल्या फिल्मवर नाणे ठेवून ती काही मिनिटे सेफलाइटखाली राहू द्यावी. धुतल्यावर नाण्याचा गोल दिसला, तर फिल्टर चिरला आहे, बल्ब जास्त वॅटचा आहे किंवा दिवा फार जवळ आहे.

रुग्णाकडून येणाऱ्या सावल्याही याच सदरात मोडतात. मंगळसूत्र, ताईत, हेअरपिन लगेच ओळखू येतात. छातीच्या फिल्मवर खांद्यावरून पुढे आलेली तेल लावलेली किंवा ओली वेणी मात्र फुफ्फुसाच्या टोकावर क्षयाच्या डागासारखी दिसू शकते आणि कृश वृद्धाच्या पाठीवरील कातडीची घडी छातीत हवा साठल्याचा भास निर्माण करते. पैठणीसारख्या वस्त्राच्या खऱ्या जरीत चांदीची तार असते, तिच्या बारीक रेषा उमटतात. वेणी वर बांधायला सांगणे, दागिने उतरवून नातेवाइकांच्या हाती देणे आणि गाऊन देणे याला एक मिनिट लागते. रांग कितीही लांब असली तरी हे मिनिट वाचवू नये.

रुग्णालयांनी डिजिटलची वाट धरली तरी वेल्डिंग व कास्टिंगच्या तपासणीत फिल्म अजून वापरात आहे आणि चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा अशा औद्योगिक वसाहतींच्या शहरात ही बाजू वगळता येत नाही. इथे बहुधा इरिडियम-१९२ (अर्धायुष्य सुमारे ७४ दिवस) हा स्रोत आणि फिल्मच्या दोन्ही बाजूंना शिशाच्या पातळ फॉइल असतात. फॉइलवरचा चरा फिल्मवर काळी रेष देतो आणि ती वेल्डमधील तड्यासारखी दिसते. फॉइल आणि फिल्म यांमध्ये अडकलेला केस उलट फिकट रेष देतो. खोट्या रेषेमुळे चांगला जोड कापून पुन्हा भरावा लागतो आणि खरी रेष खोटी मानली तर सदोष जोड दाबाखाली जातो. शंका असेल तेव्हा फिल्म तिरपी धरून पृष्ठभागावर ओरखडा आहे का ते परावर्तित प्रकाशात पाहतात. याहून खात्रीचा मार्ग म्हणजे एका कॅसेटमध्ये दोन फिल्म ठेवणे. वेल्डमधील तडा दोन्हींवर एकाच जागी येतो. एकीवरच आलेली रेष जोडातली नसते. चरा पडलेली फॉइल पुढच्या प्रत्येक फिल्मवर तीच रेष देत राहते, म्हणून ती पुसून पुन्हा न वापरता बदलतात.