परतीचं पाणी

आमच्या वडिलांनी बांधापायी सतरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. शेजारी परका नव्हता, त्यांचा चुलतभाऊच. नांगरताना तो दरसाल एक तास आत येतो, असं आमचं म्हणणं. आम्हीच बांध कोरला, असं त्याचं. दोनदा मोजणी झाली, दोनदा हद्दीचा दगड रोवला आणि दोनदा तो रातोरात हलला. सुतकालासुद्धा एकमेकांच्या दारात जाणं बंद झालं. निकाल लागायच्या आत दोघंही म्हातारे गेले. पुढं चाकणची एमआयडीसी वाढली, दोन्हीकडची बरीच जमीन संपादनात गेली. आता त्या बांधावरून नव्या मोटारी भरलेले कंटेनर जातात. भांडण होतं सव्वा हात जागेचं.

असल्या घरात वाढल्यामुळं राज्याराज्यांची भांडणं पेपरात वाचली की मला ती घरचीच वाटतात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणीचा मराठी मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. महाराष्ट्रानं ८१४ गावं मागितली. १९६६ साली महाजन आयोग नेमला. पुढच्या वर्षी अहवाल आला, त्यात बेळगाव म्हैसूरकडंच ठेवलं. महाराष्ट्रानं तो मानला नाही आणि २००४ साली सुप्रीम कोर्टात दावा लावला. मागणी करणारी पिढी गेली, तिची पोरं म्हातारी झाली, दावा उभाच.

पण जमिनीला निदान दगड तरी रोवता येतो. पाण्यात कुठं रोवायचा?

माझं गाव भामेच्या काठावर. आमची भामा आणि आळंदीवरून येणारी इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळतात. भीमा पुढं उजनीत अडते, पंढरपुरात चंद्रभागा होते, सोलापूर जिल्ह्याच्या टोकाला काही अंतर दोन राज्यांची शीवच होते, मग कर्नाटकात शिरून रायचूरकडं कृष्णेला मिळते. म्हणजे ज्या पाण्यात आम्ही म्हशी धुतल्या ते पाणी कायद्यानं कृष्णेचं. हे मला चाळिशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

नद्यांच्या भांडणासाठी १९५६ साली वेगळा कायदा झाला. त्याप्रमाणं लवाद बसतो. कृष्णेसाठी १९६९ साली न्यायमूर्ती बच्छावत यांचा लवाद नेमला. १९७३ ला त्यांनी निवाडा दिला, १९७६ ला तो राजपत्रात आला. शंभरातल्या पंचाहत्तर वर्षी हमखास मिळेल असं पाणी त्यांनी २०६० टीएमसी धरलं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८००. शेताला दिलेलं थोडं पाणी झिरपून नदीला परत येतं, म्हणून त्यावर आणखी ७० टीएमसी धरलं, त्यातलं २५ आपलं. पुढं २००४ साली न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार यांचा दुसरा लवाद आला. त्यानं महाराष्ट्राचा वाटा ६६६ केला, पण प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि तो निवाडा राजपत्रात आलाच नाही. म्हणून कारभार अजून बच्छावतांच्याच आकड्यांवर चालतो.

हे सगळं मला वारीत भेटलेल्या एका निवृत्त पाटबंधारे इंजिनिअरनं समजावलं. दिवेघाट चढून दम खाताना त्यांनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर तीन आकडे लिहिले. शेतकऱ्यानं शंभर बादल्या उचलल्या तर हिशेबात शंभरही वापरल्या असं धरायचं. झिरपून काही परत गेलं तरी वजा करायचं नाही. शहरानं पिण्यासाठी शंभर उचलल्या तर वीसच वापरल्या. कारखान्यानं शंभर उचलल्या तर अडीच. बाकीच्या नदीत परत आल्या असं समजायचं.

मी म्हटलं, "साहेब, परत येतात खऱ्या. पण कशा येतात ते कुणी लिहिलंय का?"

ते हसले. म्हणाले, "माऊली, लवादाला पाणी मोजायला सांगितलं होतं. ते काही वास घ्यायला बसले नव्हते."

पत्रिका मी जपून ठेवलीय. पिंपरी-चिंचवडला पवनेचं पाणी रावेतहून उचलतात. भामा आसखेडचं पाणी पुण्याच्या पूर्व भागाला जातं. त्याचं परतीचं पाणी बघायचं असेल तर आळंदीला घाटावर उभं राहावं. इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगत असतो, कापूस पसरल्यागत. वारकरी तो हातानं बाजूला सारून बुडी मारतात. हिशेबात ती सगळी नदी भरलेली असते.

जमिनीच्या पैशातून मी आठ खोल्या बांधल्या. त्यात लातूरची, नांदेडची, बिहारची पोरं राहतात. एक पोरगा गाणगापूरजवळचा, कलबुर्गी जिल्ह्यातला, पार्टच्या कंपनीत तीन पाळ्या करणारा. उन्हाळ्यात त्याचा बाप फोनवर एकच विचारतो, उजनीचं पाणी सुटलं का? पोरगा मला विचारतो, "काका, सुटलं का हो?" जसं काय कुलपाची किल्ली माझ्याच कनवटीला. पेपरातला प्रतिवादी माझ्याच खोलीत भाड्यानं राहत होता, आणि भाडं एक तारखेला देत होता.

गेल्या दत्तजयंतीला त्याच्याबरोबर गाणगापूरला गेलो. भीमा-अमरजा संगमावर त्याचा बाप भेटला. माझ्याच वयाचा, हातपाय माझ्यासारखेच फुटलेले. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलत म्हणाला, "तुम्ही वरचे. तुमचं भिजल्यावर आमचं."

पाटाच्या पाण्याला पाळी असते. शेपटाकडच्याचं आधी भिजवायचं, मग वर यायचं. ही रीत आम्ही पोरपणी शिकलो, आणि मोडताना बापांना बघितलंही. त्याला काय सांगणार? पोराला वर पगार मिळतो आणि बापाला खाली त्याच कारखान्यांचं उरलेलं पाणी, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण त्यानं तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. आम्ही तुरीच्या भावावर बोललो.

निघताना त्यानं संगमाच्या पाण्याची बाटली भरून दिली, "वहिनींना द्या" म्हणून. घरी आल्यावर मंडळींनी ती देवघरात ठेवली आणि विचारलं, "कुठलं पाणी हे?"

म्हटलं, "आपलंच. परत आलंय."