संयुक्त ‘मानापमान’ : १९२१ सालची एक रात्र

आपल्या ज्ञातीतील जुन्या घरांतून पूर्वी एक वाद हटकून ऐकू येत असे. जेवणे आटोपून मंडळी ओसरीवर पान लावीत बसली की कोणीतरी बालगंधर्वांचे नाव काढी आणि कोपऱ्यातून दुसरे कोणी केशवराव भोसल्यांची बाजू घेऊन उठे. मग मध्यरात्र उलटली तरी निकाल लागत नसे. वाद घालणारी ती पिढी आता गेली. परंतु ज्या दोघांच्या नावाने ती भांडली, ते दोघे एका रात्री एकाच रंगमंचावर एकमेकांसमोर उभे राहिले होते. त्या रात्रीची हकीकत नव्या पिढीस सांगावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

दोघांचेही दैव करवीरच्या छत्रपती शाहू महाराजांशी जोडलेले. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म १८८८ चा, केशवरावांचा १८९० चा. नारायणरावांच्या कानात दोष होता. महाराजांच्या आश्रयाने मिरजेस डॉक्टर वानलेस यांचे उपचार झाले आणि १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत आले. ‘बालगंधर्व’ हे नाव त्यांस लोकमान्यांनी दिले, असे परंपरा सांगते. केशवराव कोल्हापूरचेच. घरची गरिबी, शिक्षण बेताचे. अगदी कोवळ्या वयात ते स्वदेशहितचिंतक मंडळीत दाखल झाले. तेथे देवलांच्या ‘शारदा’ नाटकातील नायिकेची भूमिका त्यांच्या वाट्यास आली आणि कालपर्यंत कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या त्या पोराच्या गळ्यात काय दडले आहे, ते लोकांस कळले. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे त्यांनी ‘ललितकलादर्श’ मंडळी काढली, तेव्हा मालकांचे वय सतरा वर्षांचे होते! ज्या वयात आपली मुले परीक्षेच्या धास्तीने देवाला नवस बोलतात, त्या वयात हा मुलगा साऱ्या बिऱ्हाडाचा पोशिंदा झाला.

दोघांची गायकी भिन्न. बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले, तर केशवरावांस रामकृष्णबुवा वझे यांची तालीम. एकाचा आवाज लडिवाळ, शब्दांतील भाव अलगद उलगडणारा. दुसऱ्याचा चढा, तेजस्वी, तानेच्या फेकीने थिएटर दणाणून सोडणारा. दोघेही स्त्रीभूमिकांत नावाजलेले. त्यामुळे तुलना टळत नसे आणि चाहत्यांचे तट पडले होते. असे तट पाडण्यात नटांपेक्षा चाहत्यांचा उत्साह दांडगा असतो, हे वेगळे सांगावयास नको.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ किर्लोस्कर मंडळीने प्रथम १२ मार्च १९११ रोजी रंगभूमीवर आणले. त्याच दिवशी बालगंधर्वांचे तान्हे मूल दगावले होते. तरी प्रयोग थांबला नाही. त्याच नाटकाने आणखी एक नवल घडविले. तोवर पेटीवादक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोविंदराव टेंब्यांनी प्रथमच नाटकास चाली दिल्या आणि त्या महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचल्या. कथानक सर्वश्रुत आहे. श्रीमंतीच्या तोऱ्यात भामिनी गरीब पण शूर धैर्यधराचा अपमान करते. पुढे वनमाला होऊन त्याच्या छावणीत जाते आणि त्याचा खरा मोठेपणा ओळखते.

टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी याच नाटकाचा संयुक्त प्रयोग करावयाचे ठरले. स्थळ मुंबईचे बालीवाला ग्रँड थिएटर, तारीख ८ जुलै १९२१. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. येथे थोडे थांबून विचार करावा. दोघेही आपापल्या मंडळीचे सर्वेसर्वा. एकाच्या गाण्यास ‘वन्समोअर’ मिळाला आणि दुसऱ्याच्या गाण्यास न मिळाला, तर दुसऱ्या दिवशी बाजारात त्याची वाच्यता होणार. हार झाली तर ती एका नटाची न राहता साऱ्या मंडळीच्या पोटापाण्याची ठरणार. शिवाय केशवरावांस स्त्रीभूमिकेचे कवच नव्हते. शालूतील बालगंधर्वांसमोर पुरुषवेषात उभे राहून नायकाचे वजन त्यांना राखावयाचे होते. भामिनीने धैर्यधराचा अपमान करावयाचा, तो प्रेक्षकांतील एका तटाच्या डोळ्यांदेखत! आणि तरीही दोघे उभे राहिले.

त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण नाही. कोण सरस ठरले, याविषयी दोन्ही तटांच्या आठवणी आपापल्या दैवताकडे झुकलेल्या. मला त्यांतील एकही निवाडा मान्य करावासा वाटत नाही. दोन गायक एकमेकांस खाली पाडावयास निघाले असते तर नाटकच पडले असते. ते पडले नाही, उलट थोड्याच दिवसांत दोघांनी मिळून ‘सौभद्र’ही केले. एवढा पुरावा मला पुरेसा वाटतो.

‘मानापमाना’च्या त्या रात्रीला तीन महिनेही लोटले नव्हते, तोच ४ ऑक्टोबर १९२१ रोजी विषमज्वराने केशवराव गेले. वय अवघे एकतीस. जाण्यापूर्वी त्यांनी आपली मंडळी बापूराव पेंढारकर यांच्या हाती सोपविली. बापूराव मंडळीतले सहकारी आणि जिवाचे स्नेही; ना नात्याचे, ना जातीचे. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे मी मुद्दाम लिहितो. इस्टेट वारसाला देता येते. पण पदरी असलेली माणसे आणि बाजारातील पत कोणाच्या हवाली करावी, हे ठरविताना केशवरावांनी फक्त माणूस पाहिला.

मालक गेलेली मंडळी फुटावयास वेळ लागत नाही. बापूरावांनी ती फुटू दिली नाही. पुढच्याच वर्षी मामा वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ आले, १९२३ साली अस्पृश्यतेच्या प्रश्नावरील ‘तुरुंगाच्या दारात’. १९३७ साली बापूरावही निवर्तले. परंतु केशवरावांच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांच्या आत जन्मलेले त्यांचे पुत्र भालचंद्र यांनी ‘ललितकलादर्श’ पुन्हा उभी केली. ‘दुरितांचे तिमिर जावो’, ‘पंडितराज जगन्नाथ’ ही नाटके आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधविलेल्या पॅलेस थिएटरास पुढे केशवरावांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, ते आगीत जळाले. हे वृत्त ऐकून कोल्हापूरकरांनी अश्रू ढाळले. भालचंद्र पेंढारकर २०१५ सालीच गेले होते. ती आग पाहण्याचे त्यांच्या नशिबी आले नाही. मात्र केशवरावांनी हुबळीस काढलेल्या मंडळीस २००८ साली शंभर वर्षे पूर्ण झाली, तो दिवस त्यांनी पाहिला.