फोटो प्रिंटर, त्याचा ड्रायव्हर आणि मुक्त सॉफ्टवेअर : एका दुर्लक्षित प्रकरणाचा इतिहास

अर्जासाठी तातडीने फोटो हवा म्हणून तुम्ही कधीतरी एखाद्या फोटोच्या दुकानात गेला असाल. काही दुकानांत एक लहानसे यंत्र असते. त्यातून कागद तीन-चार वेळा आतबाहेर जातो. पहिल्या फेरीनंतर पिवळे चित्र दिसते, दुसऱ्या फेरीत त्यावर किरमिजी रंग चढतो, तिसऱ्या फेरीत निळसर, आणि अखेरच्या फेरीत पारदर्शक थर बसून फोटो चकचकीत होतो. हा डाय-सब्लिमेशन प्रिंटर. लग्नमंडपात जागच्या जागी फोटो छापून देणारेही बहुधा हेच यंत्र वापरतात.

या पाठात यंत्रापेक्षा त्याला संगणकाशी जोडणाऱ्या ड्रायव्हरचा इतिहास आपण पाहणार आहोत. ड्रायव्हर म्हणजे संगणकातील चित्राचे प्रिंटरला कळतील अशा आज्ञांत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, ही व्याख्या तुम्हाला माहीत असेल. ती चुकीची नाही, पण फोटो प्रिंटरच्या बाबतीत अपुरी आहे. इथे यंत्राच्या ज्ञानाचा काही भाग यंत्रात नसतोच. तो ड्रायव्हरमध्ये असतो. म्हणून पैसे देऊन घेतलेले यंत्र किती वर्षे चालेल, हे ड्रायव्हर ज्याच्या हातात असेल तो ठरवतो.

एक नकार आणि त्यानंतर

मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचा इतिहास प्रिंटरपासूनच सुरू होतो, असे म्हणण्याची पद्धत आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर आला. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी एक सोय घातली होती : कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना संगणकावर सूचना मिळे. नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्रॅम मिळाला नाही, त्यामुळे ती सोय करता आली नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातील ज्या संशोधकाकडे तो होता त्याने गोपनीयतेच्या कराराकडे बोट दाखवले. सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे हा अनुभव होता.

ही कथा इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिच्यानंतर काय झाले याकडे फारसे कोणी पाहत नाही. संपादक, कंपायलर, पुढे लिनक्स हे सगळे मुक्त झाले, तरी घरगुती प्रिंटर मात्र बराच काळ हुलकावणी देत राहिला. कचेरीतील महागडे प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट भाषा समजून घेत आणि पानाची आखणी स्वतः करत. त्यांच्यासाठी वेगळ्या ड्रायव्हरची फारशी गरज नव्हती. स्वस्त इंकजेटमध्ये मात्र ही अक्कल प्रिंटरमधून काढून संगणकावर टाकलेली होती. यंत्र त्यामुळेच स्वस्त पडे. कोणता थेंब कुठे पडावा हे ड्रायव्हर ठरवी, आणि तो ड्रायव्हर कंपनी विंडोज आणि मॅकसाठीच देई.

जिम्पपासून गुटेनप्रिंटपर्यंत

मायकेल स्वीट यांनी १९९७ च्या सुमारास जिम्प या चित्रसंपादकासाठी छपाईचे एक जोड-सॉफ्टवेअर लिहिले. त्यानंतर ते कप्स या छपाई व्यवस्थेकडे वळले. आज लिनक्स आणि मॅक या दोन्ही ठिकाणी छपाईची कामे रांगेत लावण्याचे काम तीच करते. १९९९ मध्ये रॉबर्ट क्रॉविट्झ यांनी एप्सनचा सहा रंगांचा स्टायलस फोटो ईएक्स घेतला. स्वीट यांचे सॉफ्टवेअर चार रंगांपुरते होते. फिका निळसर आणि फिका किरमिजी या जादा शाया वापरता आल्या नाहीत, तर चेहऱ्यावरच्या उजळ भागात ठिपके दिसतात. क्रॉविट्झ यांनी ते सॉफ्टवेअर दुरुस्त करायला घेतले आणि त्यातून जिम्प-प्रिंट हा प्रकल्प उभा राहिला.

यात आवश्यक असलेले गणित सोपे नव्हते. एप्सनच्या शाईमुखावरील छिद्रे एकमेकांपासून दूर असतात, त्यामुळे लगतच्या ओळी वेगवेगळ्या फेऱ्यांत छापाव्या लागतात; विणकामात धागे जसे एकाआड एक जातात तसे. कोणते छिद्र कोणत्या फेरीत कोणती ओळ भरेल, आणि एकही ओळ रिकामी किंवा दुबार राहणार नाही, हा हिशेब संगणकानेच करायचा. तो हिशेब जमल्यावर सामान्य इंकजेटवर मिळणारे फोटो इतके चांगले येऊ लागले की २००३ मध्ये ॲपलने मॅक ओएस १०.३ सोबत जिम्प-प्रिंटचे ड्रायव्हर दिले. पुढे ५.० आवृत्तीपासून प्रकल्पाचे नाव बदलून गुटेनप्रिंट झाले : जिम्पशी गोंधळ होऊ नये हे एक कारण, आणि मुद्रणकलेच्या गुटेनबर्गचे स्मरण हे दुसरे.

उष्णतेची स्मृती

आता आपल्या मुख्य विषयाकडे येऊ. डाय-सब्लिमेशन प्रिंटरमध्ये शाई नसते. पिवळा, किरमिजी, निळसर आणि पारदर्शक असे पट्टे एकामागून एक असलेली रिबन असते. तिच्यावर थर्मल हेड दाबले जाते. सहा इंच रुंदीच्या हेडमध्ये इंचाला ३०० या हिशेबाने सुमारे १,८०० सूक्ष्म तापक असतात. तापक जितका तापेल तितका रंग कागदाच्या थरात उतरतो. इंकजेटमध्ये ठिपका असतो किंवा नसतो (थेंब लहानमोठा करता येतो, पण मर्यादेतच). इथे प्रत्येक बिंदूला प्रत्येक रंगाच्या २५६ छटा मिळू शकतात. म्हणून ३०० बिंदूंचा हा फोटो कागदावर कितीतरी जास्त बिंदूंच्या इंकजेटइतका सलग दिसतो. सब्लिमेशन म्हणजे संप्लवन, घनाचे थेट वायूत रूपांतर; प्रत्यक्षात इथे रंग मुख्यतः विसरणाने कागदात शिरतो, पण नाव रुळले ते रुळलेच.

आणखी एक गोष्ट जाता जाता सांगण्यासारखी आहे. वापरलेल्या रिबनवर छापलेल्या प्रत्येक फोटोची उलटी प्रतिमा राहते. दुकानाच्या कचऱ्यात गेलेली रिबन म्हणजे गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यांची मालिकाच असते.

अशा यंत्रांसाठी गुटेनप्रिंटमध्ये पहिले काम ऑलिंपसच्या प्रिंटरांवर झाले; मिखाल म्राका यांनी २००३ पासून लिहिलेला तो भाग बरीच वर्षे ऑलिंपसच्याच नावाच्या फाइलमध्ये राहिला, आत इतर कंपन्यांची यंत्रे भरत गेली तरी. पण नुसत्या आज्ञा माहीत होऊन भागत नव्हते. कॅननच्या जुन्या सेल्फी प्रिंटरांचे उदाहरण घ्या. त्यांना संपूर्ण काम एकदम पाठवले तर ते अडकून बसतात. आधी पिवळा थर पाठवायचा, यंत्राला ‘तयार आहेस का’ असे विचारायचे, उत्तर आले की किरमिजी, पुन्हा विचारायचे, मग निळसर. कप्सचा नेहमीचा यूएसबी भाग नळासारखा आहे : एका टोकातून ओतले की दुसऱ्या टोकातून बाहेर. या प्रिंटरांना संभाषण हवे होते.

सॉलोमन पीची यांनी या संभाषणासाठी वेगळा कार्यक्रम लिहिला. सुरुवात सेल्फीपासून झाली, म्हणून त्याचे नाव ‘सेल्फी-प्रिंट’. पुढे डीएनपी, मित्सुबिशी, शिन्को, सोनी, कोडॅक यांची यंत्रेही त्यात आली आणि तो गुटेनप्रिंटचा भाग झाला. त्या कामातून एक गंमतही उघड झाली. बाजारात निरनिराळ्या नावांनी विकली जाणारी काही यंत्रे आतून एकच असतात : सिटिझन सीवाय आणि डीएनपीचा डीएस-आरएक्स१ ही जोडी पाहा. एकाचा ड्रायव्हर जमला की दुसऱ्याचा जवळपास फुकटात मिळतो.

सर्वांत अवघड प्रकरण होते उष्णतेचे. समजा, वधूच्या फोटोत काळ्याभोर केसांनंतर लगेच पांढरी फुले आहेत. केस छापताना तापक खूप तापले. पुढच्या ओळीत त्यांनी थंड असायला हवे, पण ते क्षणात निवत नाहीत. परिणामी फुलांवर करडी सावली येते. शिवाय एकाच ओळीत खूप तापक एकदम पेटले की प्रत्येकाला मिळणारा विद्युतदाब किंचित घटतो आणि ती ओळ फिकी पडते. काही यंत्रे ही भरपाई स्वतः करतात. मित्सुबिशी सीपी-डी७० आणि शिन्को सीएचसी-एस६१४५ यांसारख्या यंत्रांत मात्र ती संगणकावर करावी लागते : आधीच्या ओळींची उष्णता लक्षात ठेवून पुढच्या प्रत्येक बिंदूचे मूल्य बदलायचे. हा हिशेब कंपनीच्या बंद लायब्ररीत होता. तिच्याशिवाय प्रिंटर चालला तरी फोटो गिऱ्हाइकाला देण्यालायक येत नसे.

बंद लायब्ररीची दुसरी अडचण अशी, की ती ठरावीक जातीच्या प्रोसेसरसाठीच तयार केलेली असते. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा स्वस्त संगणक आला आणि अनेकांनी त्यावर फोटोबूथ बांधायला घेतले. त्याचा प्रोसेसर एआरएम जातीचा. इंटेल जातीसाठी बनवलेली लायब्ररी त्यावर चालतच नाही. मूळ प्रोग्रॅम हाती असता तर पुन्हा कंपाइल करणे काही मिनिटांचे काम होते. तो नव्हता, म्हणून त्याच हिशेबाच्या लायब्रऱ्या नव्याने लिहाव्या लागल्या, आणि पीची यांनी दोन्ही यंत्रांसाठी त्या लिहिल्या.

असे काम कसे करतात, हे तुम्ही समजून घ्यायला हवे. कंपनीचा ड्रायव्हर विंडोजवर चालवायचा आणि यूएसबी तारेतून जाणारे बाइट टिपून ठेवायचे. आधी पूर्ण पांढरे चित्र छापायचे, मग पूर्ण काळे, मग एकच करडी पट्टी. प्रत्येक वेळी काय बदलले ते पाहायचे. प्रत्येक चाचणीला रिबनचा एक पूर्ण संच जातो, कारण चित्र पांढरे असले तरी पट्टे सरकतातच. म्हणजे या संशोधनाला पदरचे पैसे आणि कमालीचा धीर लागतो. शिवाय हिशेबाची रीत पुन्हा लिहिता येते, पण कारखान्यात मोजून केलेले भरपाईचे तक्ते कंपनीचेच असतात. डी७० कुळातील यंत्रांसाठी ते आजही मूळ ड्रायव्हरमधूनच घ्यावे लागतात.

हे कायदेशीर आहे का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. भारतापुरते बोलायचे तर प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीने एक तरतूद आली. स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमबरोबर चालावा, यासाठी आवश्यक माहिती मिळवण्याची कृती, ती माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसेल तर, प्रताधिकाराचा भंग ठरत नाही. कलम मुळातून वाचा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ते क्वचितच दाखवले जाते.

ड्रायव्हर जातोय, प्रिंटर राहतोय

२०१० मध्ये ॲपलने एअरप्रिंट आणले आणि त्यानंतर ‘ड्रायव्हरविना छपाई’ ही कल्पना रूढ झाली. प्रिंटरनेच आपली माहिती नेटवर्कवर सांगायची आणि ठरावीक स्वरूपातील चित्र स्वीकारायचे. घरगुती प्रिंटरसाठी हे सोयीचे आहे, त्याबद्दल वाद नाही. पण याच विचारातून कप्सच्या ३.० या पिढीतून जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर वगळण्याचे ठरले आहे, आणि यूएसबी तारेवर चालणाऱ्या फोटो प्रिंटरांना नेटवर्कवर बोलता येत नाही. त्यावर काढलेली तोड अशी : ड्रायव्हरभोवती एक लहान प्रोग्रॅम गुंडाळायचा, जो इतर संगणकांपुढे नव्या पद्धतीचा प्रिंटर असल्याचे सोंग घेतो. याला प्रिंटर ॲप्लिकेशन म्हणतात. स्वीट यांनी त्यासाठी पायाभूत चौकट लिहिली आणि टिल काम्पेटर यांच्या ओपनप्रिंटिंग गटाने गुटेनप्रिंटलाही असे रूप दिले. माझ्या मते ही तोड तात्पुरती वाटली तरी टिकाऊ आहे, कारण आतला मूळ प्रोग्रॅम हाती आहे. ज्या यंत्रांचा ड्रायव्हर बंदच राहिला, त्यांच्याभोवती गुंडाळणार काय?

मात्र मुक्त ड्रायव्हरची धाव रिबनपर्यंतच. अनेक यंत्रांत रिबनच्या रिळावर आरएफआयडी खूण असते; यंत्र ती वाचते, उरलेले फोटो मोजते आणि ओळख न पटलेली रिबन नाकारते. इंकजेटमध्ये शाई भरून देणारे गल्लीबोळांत सापडतात. वापरलेल्या रिबनवर पिवळा, किरमिजी आणि निळसर थर पुन्हा चढवणे कोणत्याही दुकानदाराला शक्य नाही. कंपनीने त्या मापाची रिबन काढणे थांबवले की दुकानातले यंत्र, हेड शाबूत असताना आणि ड्रायव्हर चालू असताना, माळ्यावर जाते.