कुलाबा वेधशाळा ते इलेक्ट्रॉनिक होकायंत्र : दिशामापनातील चुंबकीय व्यत्ययाचा इतिहास

प्रस्तावना :

राजूर (ता. वणी, जि. यवतमाळ) या गावाचे नाव कोळसा आणि चुन्याच्या भट्ट्या यांच्याशी निगडित आहे. भूमिगत कोळसाखाणीत उपग्रहाचे संदेश पोहोचत नाहीत. तेथे चालणाऱ्या यंत्रमानवास दिशा कशी कळावी, या प्रश्नाचे सहज सुचणारे उत्तर म्हणजे नखाएवढे इलेक्ट्रॉनिक होकायंत्र. परंतु लोखंडी रूळ, पोलादी दोर आणि विद्युतवाहिन्या यांच्या सान्निध्यात ते विश्वासार्ह राहत नाही. जुन्या खाण-सर्वेक्षकांना हे ठाऊक होते. सुई भरकटते अशा ठिकाणी ते सुईचे वाचन सोडून अंशांकित तबकडीवरून दोन रेषांमधील कोन मोजत. या अडचणीचा महाराष्ट्रातील सर्वांत बोलका दाखला मात्र खाणीतला नसून मुंबईतला आहे.

कुलाबा व अलिबाग :

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केलेल्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकीय नोंदी होऊ लागल्या. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट येथे नोंदली गेली. त्या वादळाच्या अभ्यासात ही नोंद आजही आधारभूत मानली जाते. पुढे मुंबईत विद्युत ट्राम येणार असे ठरले आणि या नोंदमालिकेवर संकट आले. १८९६ पासून संचालक असलेले नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे त्या पदावरील पहिले भारतीय. त्यांच्या कारकिर्दीत अलिबाग येथे लोखंडविरहित वास्तू उभारण्यात आली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेण्यात आल्या. जागेतील फरक ठरविता आल्याखेरीज जुनी मालिका नव्या मालिकेस जोडणे शक्य नव्हते. स्थलांतराचे खरे शहाणपण या दोन वर्षांत होते. १९०७ मध्ये विद्युत ट्राम धावू लागली, तेव्हा उपकरणे अलिबागेत सुरक्षित होती.

संवेदकाचे स्वरूप :

चुंबकीय क्षेत्राच्या दिशेनुसार धातूचा विद्युतरोध बदलतो, हे विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) यांनी १८५६ मध्ये दाखविले. हनिवेल कंपनीचा एचएमसी ५८८३ एल हा संवेदक याच तत्त्वावर आधारलेला होता. ३ मिलिमीटर लांबी-रुंदीच्या या चिपमध्ये लोह-निकेलच्या मिश्रधातूचे पातळ थर तीन अक्षांवर क्षेत्र मोजत आणि अनुकूल स्थितीत १ ते २ अंशांपर्यंत अचूकता मिळे. त्याचे उत्पादन थांबल्यानंतर त्याच आकाराच्या मॉड्यूलवर क्यूएमसी ५८८३ एल ही चिप येऊ लागली. नावे सारखी असली तरी दोन्हींचे पत्ते व नोंदस्थाने भिन्न आहेत. जुना प्रोग्राम नव्या चिपवर चालत नाही आणि दोष विनाकारण जोडणीला दिला जातो.

व्यत्यय किती असतो? महाराष्ट्रात पृथ्वीच्या क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे ३८ मायक्रोटेस्ला आहे. एका लांब सरळ तारेतून १ अँपियर प्रवाह वाहत असल्यास १० सेंटिमीटरवर २ मायक्रोटेस्लाचे क्षेत्र निर्माण होते. म्हणजे १८५९ च्या वादळातील घटीपेक्षाही ते अधिक भरते! मोटारीची ५ अँपियरची तार ५ सेंटिमीटरवर असेल तर २० मायक्रोटेस्ला होतात आणि प्रतिकूल स्थितीत दिशा सुमारे २८ अंशांनी चुकते.

यंत्रमानवाच्या स्वतःच्या सांगाड्यातील लोखंडाचा परिणाम मात्र दूर करता येतो. यंत्र सर्व दिशांनी फिरवून वाचने घेतली असता स्थिर चुंबकत्वामुळे वाचनांच्या वर्तुळाचा मध्य सरकलेला दिसतो, तर प्रेरित चुंबकत्वामुळे वर्तुळ लंबगोल होते. हे दोन्ही दोष गणिताने वजा करता येतात. मोटारीचा प्रवाह सतत बदलतो, म्हणून ड्रोनमध्ये होकायंत्र मोटारीच्या तारांपासून दूर, अनेकदा उंच दांडीवर बसवितात. खाणीच्या बोगद्यात हा उपाय अपुरा पडतो, कारण तेथे लोखंड यंत्राच्या बाहेर असते आणि पावलागणिक त्याचे अंतर बदलते. तेथे चाकांच्या फेऱ्यांची मोजणी व जायरोस्कोप यांवर भिस्त ठेवावी लागते, आणि होकायंत्राचे वाचन क्षेत्राची एकूण तीव्रता अपेक्षित मर्यादेत असेल तेवढ्यापुरतेच स्वीकारावे लागते.